मी सोडलेला पहिला खांदा

२७ फेब्रुवारी २०२५, गुरुवार
मराठी भाषा दिन. महाडला वाचनालयात कथावाचनाची स्पर्धा. आमच्या अपेक्षाचीही कथा होती. ती मराठीत एम.ए. करते. लिहिण्याचा गुण माझ्याकडून आलेला आहे, हे मी आभार मानताना सांगितलं. आभार मानायला खरं तर दुसरे कोणी नेमलेले होते, पण ते माईकपर्यंत यायला फार वेळ लावत होते.

कथा टॉप. विनोदी. एक नानासाहेब असतो. उभी मोटरसायकल दिसली की तिच्या आरशात केस सारखे करतो. रोज सकाळी अख्ख्या तालुक्याला सुविचार पाठवतो, खाली स्वतःचा फोटो. मयताला गेला तरी 'गेलेल्याचा माझ्यावर फार जीव' एवढंच बोलून येतो. गावच्या पालखीला पहिला खांदा द्यायचा मान त्याच्या घराण्याचा, तर शिमग्याला देवीपेक्षा हाच जास्त नटतो. शेवटी मात्र बदलतो. खांदा सोडून मागे गर्दीत जाऊन उभा राहतो.

सगळ्यात जास्त मीच हसलो. पहिल्या रांगेत होतो. लोक कथा सोडून माझ्याकडे बघून हसत होते. माझं हसणं आहेच तसं, लागण होते.

नानासाहेब म्हणजे आमचा भागोजी. चुलतभाऊ, वीर स्टेशनला रिक्षा चालवतो. रिक्षाच्या पाठीवर स्वतःचं नाव रंगवलंय, एवढाल्या अक्षरांत. पोरीने बरोबर पकडला.

परीक्षक बाई एका मासिकाच्या संपादक. म्हणाल्या, कथा छापते, पण शेवट पटत नाही, असा माणूस बदलत नसतो. पाडव्यापर्यंत शेवटाचा विचार करून पाठव. अपेक्षा म्हणाली, मला वाटतं तो बदलतो. बाईंनी विचारलं, वाटतं की तुला तसं हवंय? पोरगी हातातले कागद जुळवायला लागली. मी मोठ्याने 'बदलणार म्हणजे बदलणार!' म्हणून टाळ्या वाजवल्या.

२८ फेब्रुवारी, दुपार
भागोजीला फोन लावून कथा पूर्ण वाचून दाखवली. म्हटलं, बघू कसा चेहरा पडतो. फोनवर चेहरा दिसत नाही हे नंतर लक्षात आलं. तो तर हसतच सुटला. म्हणाला, "आयला राजा, पोरीनं काय उभा केलाय रे तुला! डिट्टो हाय!"
फोन ठेवला. जळतो माझ्यावर, लहानपणापासून.

त्याच दिवशी, संध्याकाळ
शांत डोक्याने तुलना केली. नानासाहेब फोटोत गॉगल घालतो. माझ्या फोटोत गॉगल कपाळावर आहे. तो आरशात केस विंचरतो. मी फक्त हात फिरवतो. पहिला खांदा आमच्या घराण्याचा आहे हे कबूल, पण खांदे पुष्कळ गावांत असतात.
संजीवनीला सहज विचारलं, नानासाहेब कोण वाटतो? ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, आधी भाजी घेऊन या. भाजी आणून पुन्हा विचारलं. तेव्हा तिने सूप खाली ठेवलं आणि म्हणाली, "तुम्हाला खरंच कळलं नाही?"
बायकोने असं अर्धवट बोलू नये.

१ मार्च, शनिवार
अपेक्षाला सरळ विचारलं. ती लाजली, नखं कुरतडत बसली. मग म्हणाली, "शेवट तेवढा माझा आहे पप्पा. बाकी सगळं तुमचंच आहे."
आधी भयंकर राग आला. मग विचार केला, कथेत दुसरं आहेच कोण? पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मीच. मग आणखी एक गोष्ट लक्षात आली आणि मी चपला घालून उगाच गॅलरीत गेलो. परीक्षक बाई भर वाचनालयात 'बदलत नसतो' म्हणाल्या आणि ही एकटी उभी राहून 'बदलतो' म्हणाली. म्हणजे ती माझ्याबद्दल म्हणाली. खरंच माझ्याबद्दल, हे इथे लिहून ठेवतो.
निश्चय: बदलायचं. पाडव्याच्या आत. परीक्षक बाईंना दाखवूनच द्यायचं.

२ मार्च
आजपासून स्वतःबद्दल एक शब्द बोलायचा नाही. हे सर्व ग्रुपना कळवलं. फोटो टाकावाच लागला, नाहीतर कुठला राजेश ते लोकांना कळत नाही. हात जोडलेला टाकला.

४ मार्च
फर्स्ट शिफ्ट. चहाला सगळ्यांना बसवून माझ्यातला बदल समजावून सांगितला. लोक अर्धा चहा टाकून उठले. सायरन झाला म्हणाले. मला ऐकू आला नाही. एमआयडीसीतल्या माणसाला अंतर्मुख व्हायला फुरसतच नाही. तरी मी कोणावर चिडलो नाही, आणि चिडलो नाही हेही कोणाला सांगितलं नाही. शिफ्टमधल्या हृतिकला सांगितलं, पण तो मशिनवर होता.

६ मार्च
अशा किरकोळ गोष्टींनी भागणार नाही. काहीतरी मोठं सोडायला हवं. आंघोळ करताना सुचलं: पहिला खांदा!
धुळवडीला देवीची पालखी देवळातून निघते ती सहाणेवर, म्हणजे पालखीच्या चौथऱ्यावर, येऊन बसते, मग घरोघर जाते. देवळाच्या उंबऱ्यापासून सहाणेपर्यंत पुढच्या दांड्याला उजवीकडून लागायचं, हा मान आमचा. आजोबा, बाबा, मग मी. सगळं गाव बघत असतं. मुंबईकर व्हिडिओ काढतात.
रविवारी गावकीची बैठक आहे. तिथे उभं राहून म्हणायचं, यंदापासून मान सोडला. आमच्या गावकीत कोणी काही नको म्हटलं की आग्रह होतोच. साधा चहा नको म्हटलं तरी होतो. तीनदा नको म्हणायचं आणि चौथ्यांदा घ्यायचं, ही रीतच आहे. तेव्हा तीनदा नकार, चौथ्यांदा डोळे पुसत होकार. त्याग पण झाला आणि खांदा पण राहिला.
मग बदल कुठे झाला, असं कोणी म्हणेल. बदल मनात झालेला असेल. खांद्याचा काय संबंध?

८ मार्च
आरशासमोर तिन्ही नकार बसवले. दुसरा सगळ्यात चांगला होतो, त्यात आवाज आपोआप कापतो. संजीवनी दारातून बघत होती. म्हणाली, "आणि त्यांनी आग्रह केलाच नाही तर?"
हिला गावकी कळत नाही. महाड बाजारपेठेतलं माहेर.

९ मार्च, रविवार
गावी जाताना पोलादपूरच्या वर घाटात गाडी दोनदा तापली. मीही तापलेला होतो, पण आनंदाने.
बैठक देवळात. येसाजीकाका वडीलधारे, त्यांच्या पुढ्यात पानसुपारीचं तबक. मी उठलो. छान बोललो. "माझ्यासारख्या सामान्य माणसाने" इथपासून सुरुवात केली. मान सोडतो म्हणालो आणि मान खाली घालून थांबलो.
आग्रह येईना. मी थोडी वर नजर केली.
येसाजीकाका म्हणाले, "बरं झालं, तूच बोललास. पोरं मागल्या सालापास्नं म्हनत व्हती, एकाच घरात मान का. तुला कसं सांगायचं ह्योच इचार चालला व्हता आमचा."
मी म्हटलं, नको, मला आग्रह करू नका. (हा पहिला नकार होता.)
काका म्हणाले, "नाय करत रे बाबा."
लगेच ठरलं की मान दर वर्षी घर बदलून फिरवायचा. यंदा वरच्या वाडीच्या ठमाकाकीचा पांडू. गुरं राखतो, कोणाच्या अध्यात ना मध्यात. काकांनी तबकातली सुपारी उचलून देवीपुढे ठेवली. देवीपुढे सुपारी गेली की शब्द फिरत नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्यासाठी होत्या, पण फार लवकर थांबल्या.
पुढचे दोन नकार तसेच राहिले.

१० मार्च
कामात लक्ष नाही. बसवत नाही, उभं राहवत नाही. येसाजीकाकांना फोन केला. आडून सुचवलं की पांडूची उंची कमी आहे, पालखी उजवीकडे कलेल. काका म्हणाले, "कलंल तर कलंल. देवी काय पडत नाय."
सुपारी परत उचलता येते का, हेही विचारलं. एक माहिती म्हणून. ते बराच वेळ खोकले आणि फोन कट झाला. रेंजचा प्रॉब्लेम.

११ मार्च
अपेक्षाला भागोजीकडून कळलं. कॉलेजातून आली ती सरळ मला येऊन बिलगली. कितवीत असताना शेवटची बिलगली होती, आठवत नाही. म्हणाली, "पप्पा, मला खात्रीच होती." धुळवडीला गावी येऊन व्हिडिओ काढणार आहे, पालखी पुढे आणि पप्पा मागे गर्दीत. तो बाईंना पाठवणार, म्हणजे शेवट खोटा नाही हे त्यांना कळेल.
मी म्हटलं, त्यात काय एवढं.
गंमत अशी की जे मी करायला गेलो नव्हतो त्याबद्दल माझं इतकं कौतुक आजवर झालेलं नाही. बरं वाटलं. मग बरं वाटेना. मग परत बरं वाटलं. सारखा घरातल्या घरात फिरत होतो. संजीवनीने विचारलं, औषध देऊ का.
आता ठरलंच. खरोखर मागे उभं राहायचं. पोरीसाठी.

१२ मार्च
पांडूचा फोन. बिचारा घाबरलाय. "दादा, माला कायच ठावं नाय. पाय कंचा आधी टाकू?" मन भरून आलं. सगळा डबा खायचा वेळ त्याला शिकवण्यात घालवला. पाय, पाठ, चेहरा कसा ठेवायचा, व्हिडिओवाले दिसले की किंचित कुठे वळायचं. शेवटी म्हणाला, "दादा, तुमी जवळ ऱ्हा म्हंजी झालं."
जवळ म्हणजे मागे नव्हे. पण स्वतः मानकऱ्यानेच सांगितलं तर काय करणार?

१३ मार्च, होळी
गाव भरलं. मुंबईकर वीरला उतरून रिक्षा, जीप, मिळेल त्याने आले. प्रत्येकाला मी स्वतः जाऊन सांगितलं की यंदा मी नाही. आश्चर्य कोणालाच वाटलं नाही. भागोजी म्हणाला, "जमंल का रे तुला?" मी नुसता हसलो. बदललेल्या माणसाने उत्तर द्यायचं नसतं. ते मी त्याला तसं सांगितलं.

१४ मार्च, धुळवड. संध्याकाळ
जे घडलं ते जसंच्या तसं लिहितो.
सकाळी साधा शर्ट घातला. फेटा बांधला, पण तो उन्हासाठी. पांडू नवीन सदरा घालून उभा. खांद्यावर टॉवेलची घडी. ठमाकाकी सहाणेच्या पायरीवर आरतीचं ताट घेऊन बसलेली. तिच्या घराला हा मान आजवर कधी आला नव्हता, म्हणून पहाटेपासून तिथेच येऊन बसली होती म्हणे. अपेक्षा मोबाईल धरून समोर. मी मागे होतो. खूप मागे होतो, हे अनेकांनी पाहिलं आहे.
पालखी उंबऱ्याबाहेर आली. पांडू माझ्याकडे बघत होता. म्हणून मी जरा पुढे गेलो. डावा पाय, डावा, असं सांगत बाजूने चाललो. पायरी उतरताना त्याच्या खांद्यावरचा टॉवेल घसरला. टॉवेल नसला की दांडा रुततो. तो टॉवेल नीट करायचा म्हणजे दांडा कोणीतरी धरायला हवा. मी धरला. धरायचा म्हणजे खांद्यावरच धरतात, हातावर कोण धरेल?
तेवढ्यात खालूबाजा सुरू झाला.
पुढचं मला नीट आठवत नाही. सनई आणि ढोल एकदम वाजायला लागले की पाय आपले राहत नाहीत. सहाण आली तेव्हा मी पुढे उजवीकडे होतो. पांडू मागून येत होता. टॉवेल त्याच्या हातात होता, घडी अगदी व्यवस्थित होती.
ठमाकाकी ताट घेऊन उठली. तिला कमी दिसतं. ओवाळायला हात उचलला, मग ताट थांबलं. म्हणाली, "ह्यो माजा पांडू नाय. माजा पांडू कुठं हाय रे?"
बाजा बंद नव्हता झाला, पण मला तेवढंच ऐकू आलं.
पांडू म्हणाला, "असू दे गो आये, दादा हायेत." काकीने मला ओवाळलं. कुंकू लावताना अंदाज चुकला, ते नाकावर आलं.
अपेक्षाने मोबाईल कधी खाली घेतला, मी पाहिलं नाही.

१५ मार्च
मी माझ्यासाठी काहीही केलेलं नाही. टॉवेलसाठी केलं.
परत येताना गाडीवर अपेक्षा मागे बसली होती. पोलादपूर गेलं, महाड आलं. घरी पोचल्यावर मी विचारलं, व्हिडिओ कसा आलाय? तिने बघायला दिला. चांगला आलाय. फेटा उठून दिसतो. पायरीजवळ मी खांदा घेतो तिथे माझ्या तोंडावर जे हसू आहे, ते मात्र टॉवेलबद्दल काळजी असलेल्या माणसाचं वाटत नाही. अँगल चुकला असणार. तीनदा बघितला. तिन्ही वेळा अँगल चुकलेलाच होता.

१८ मार्च
उपाय सापडला. पांडूचा जाहीर सत्कार! शाल, नारळ, ठमाकाकीला साडी. पोलादपूरच्या नाक्यावर बॅनर. सारिका डिझाइन करते, तिच्याकडून मसुदा आला. मध्ये मी हात जोडून, खाली कोपऱ्यात पांडूचा फोटो. पांडूचा चांगला फोटोच नव्हता, म्हणून लहान घ्यावा लागला. वर ओळ: 'मान सोडणारा मानकरी.'
संजीवनीने बॅनर बघितला आणि माझा फोन घेऊन सारिकाला स्वतःच नको सांगितलं. एकदाच नको म्हणाली आणि सारिकाने ऐकलं. लोकांना माझाच आग्रह का होत नाही कळत नाही.

२३ मार्च
ठमाकाकीकडे एकटा जाऊन यायचं ठरवलं होतं. कोणाला न सांगता. महाड सोडेपर्यंत तो विचार टिकला. पोलादपूरला थांबून चहा घेतला तेव्हा वाटलं, कोणाला न सांगता गेलो तर गावात भलताच अर्थ काढतील. भागोजीला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, मग जा की. पण आता तो सगळीकडे सांगणार, आणि मी सांगायला लावलं असं होणार. परत फिरलो.
साडी गाडीच्या डिकीतच आहे. अजून मन थाऱ्यावर नाही.

३० मार्च, पाडवा
गुढी उभारली. अपेक्षाने कथा काल पाठवली. आज सकाळी बाईंचा मेसेज: 'शेवट आता पटला. हीच कथा छापते.' घरात पेढे. संजीवनीने पोरीची दृष्ट काढली.
मी विचारलं, शेवट बदललास? म्हणाली, हो. आता नानासाहेब खांदा सोडतो, सगळं गाव त्याला चांगलं म्हणतं, आणि धुळवडीला तो पुन्हा पुढेच असतो. त्याला ते कळतही नाही.
मी म्हटलं, लोकांना आवडेल. ती म्हणाली, "हो. मला पहिलाच शेवट जास्त आवडायचा."
ती रागावलेली नव्हती. रागावली असती तर मी काहीतरी बोललो असतो. श्रीखंड वाढत होती. मला फार वाईट वाटलं, इतकं की पुरी तशीच हातात राहिली. म्हटलं, मला तो पहिला शेवट वाचायला दे. म्हणाली, फाइलमधून काढून टाकला. मग तोंडी सांग म्हटलं.
तिने वाढता वाढता सांगितला. पालखी पुढे निघून जाते. नानासाहेब मागे गर्दीत असतो. धक्के बसतात, पायावर पाय पडतात, त्याच्याकडे कोणाचंच लक्ष नसतं. आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला ते बरं वाटतं. संपली.
मी म्हटलं, कोणाचंच लक्ष नसतं?
"कोणाचंच नाही, पप्पा."
मी थोडा विचार केला. प्रामाणिकपणे विचारलं, "मग तो बदलला हे लोकांना कळणार कसं?"
अपेक्षा माझ्याकडे बघत राहिली. मग हसली. मग आणखी एक पुरी माझ्या पानात वाढून आत निघून गेली.
प्रश्न रास्त होता. संजीवनीलाही विचारला. तीही आत गेली.